न ठरवता घालवलेला दिवस : शिरड शहापूर ते औंढा नागनाथ

पर्यटनविषयक माहितीपुस्तिका बहुधा एकाच वाचकासाठी लिहिलेल्या असतात : प्रथमच येणाऱ्या वाचकासाठी. काय पाहावे, किती वाजता पाहावे, कोठे जेवावे आणि परतीची गाडी कोणती, एवढे सांगून त्या थांबतात. परंतु कोणत्याही स्थळाचा खरा राबता पहिल्यांदा येणाऱ्यांचा नसतो. परिसरातील माणसे तेथे वर्षानुवर्षे, निमित्ताने आणि निमित्ताविना येत असतात. हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूर आणि औंढा नागनाथ ही अशीच दोन ठिकाणे. पन्नासदा पाहून झालेल्या ठिकाणी एखाद्याने एकट्यानेच, काहीही न ठरवता दिवस घालवावा, ही कल्पना वरवर निरर्थक वाटते. प्रत्यक्षात स्थळाची खरी ओळख अशाच दिवशी होते.

शिरड शहापूर हे औंढा नागनाथ तालुक्यातील गाव औंढा-वसमत मार्गावर आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा सर्व मुलूख परभणीत आणि १९४८ पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पूर्णा-अकोला लोहमार्गावरील वसमत आणि हिंगोली ही जवळची रेल्वे स्थानके. मात्र येथील माणसाचे खरे वाहन म्हणजे एसटी, तीनचाकी आणि अलीकडे दुचाकी. तालुक्याचे गाव म्हणून, बाजारासाठी, दवाखान्यासाठी, कचेरीतील कामासाठी शिरडकरांना औंढ्याला जावेच लागते. काम आटोपले की 'नागनाथाचे दर्शन घेऊन येऊ' हे ओघाने आलेच. अशा फेऱ्यांची कोणी मोजदाद ठेवत नाही.

वारी आणि सहल

पुन्हा पुन्हा जाण्याला मराठीत स्वतंत्र प्रतिष्ठा आहे. 'वारी' या शब्दातच आवर्तनाचा अर्थ आहे. वारकरी म्हणजे पंढरपूर पाहिलेला माणूस नव्हे, तर पंढरपूरला नेमाने जाणारा माणूस. एकदा जाऊन आलेला यात्रेकरू असतो. परत परत जाणारा वारकरी होतो. वारकरी परंपरेचे आद्य प्रचारक संत नामदेव (१२७०-१३५०) यांचे जन्मस्थान म्हणून मानले जाणारे नर्सी हे गावही याच हिंगोली जिल्ह्यात आहे, आणि गुरू विसोबा खेचर यांची व त्यांची भेट औंढ्यालाच झाली, अशी श्रद्धा आहे. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांच्या ६१ रचना समाविष्ट असल्याने पंजाबातील भाविकही नर्सीला येतात.

सहलीचे गणित याहून वेगळे असते. सहलीत पैसे आणि रजा खर्च झालेली असते, सोबत माणसे असतात, आणि 'सगळे पाहून झाले पाहिजे' ही जबाबदारी डोक्यावर असते. देवदर्शनाच्या बाबतीतही 'दर्शन उरकले' असे आपण सहज म्हणून जातो. उरकण्याजोगे काही शिल्लक नसलेला माणूसच त्या जागी निवांत बसू शकतो. वारंवार जाण्याचा मोठा लाभ हाच.

करमणूक उद्यानांचा धडा

जगातील करमणूक उद्यानांच्या व्यवहारात हा फरक फार स्पष्ट दिसतो. कोपनहेगन शहरातील टिव्होली उद्यान १५ ऑगस्ट १८४३ रोजी खुले झाले. ते शहराच्या मध्यभागी, मुख्य रेल्वे स्थानकाशेजारी आहे. परदेशी प्रवासी तेथे पाळण्यांत बसण्यासाठी जातात; हंगामाचा पास जवळ असलेला स्थानिक नागरिक मात्र नुसता फेरफटका मारून, संगीत ऐकून घरी परततो. अमेरिकेत १९५५ मध्ये सुरू झालेल्या डिस्नेलँडमध्ये प्रारंभी प्रत्येक खेळासाठी वेगवेगळ्या कुपनांची पुस्तिका घ्यावी लागे. १९८२ मध्ये ती पद्धत संपून दिवसभराचे एकच तिकीट आले आणि त्याच दशकात वार्षिक पासही रूढ झाला. दिवसाचे तिकीट घेतलेला माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत पैसे वसूल करण्याच्या घाईत असतो. वार्षिक पास असलेला माणूस दोन तास बाकावर बसून, रांगा पाहत, एखादी मिरवणूक बघून निघून जाऊ शकतो. उद्या पुन्हा येता येईल, हे त्याला ठाऊक असते. तेथील काही खेळांत एकट्या प्रेक्षकांची वेगळी रांग असते. गाडीतील उरलेले एखादे आसन त्यांना दिले जाते आणि बहुधा त्यांचा नंबर इतरांआधी लागतो.

महाराष्ट्रात मोठ्या करमणूक उद्यानांची चाल १९८९ मध्ये गोराईच्या एस्सेल वर्ल्डपासून रुजली. खाडी ओलांडून बोटीने जाण्याची ती सहल मुंबईकरांच्या एका पिढीच्या आठवणीत आहे. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले. ही ठिकाणे मराठवाड्यातील खेड्यापासून शेकडो किलोमीटर दूर. शाळेच्या सहलीने किंवा नातलगांकडे गेल्यावर आयुष्यात एकदा पाहण्याची. करोनाच्या साथीनंतरच्या काळात एस्सेल वर्ल्डची दारे बंद झाली, तेव्हा अनेकांसाठी ती एकमेव भेटच अखेरची ठरली. वारंवार जाता येणे हे केवळ आवडीवर अवलंबून नसते. अंतर, तिकिटाचा दर आणि फाटक उघडे असणे या तिन्हींचा त्यात वाटा असतो.

या कसोटीवर पाहिले तर शिरड शहापूरचा रहिवासी दरिद्री नाही. त्याच्या गावात एक आणि थोड्याच अंतरावर दुसरे, अशी दोन प्राचीन परंपरेची स्थळे आहेत. बारा महिने तेथे जाता येते आणि फाटकावर दिवसाचे तिकीट घ्यावे लागत नाही. थोडक्यात, वार्षिक पास त्याच्या खिशात जन्मतःच असतो.

मल्लिनाथाचे शिरड

शिरड शहापूर दिगंबर जैन समाजात भगवान मल्लिनाथांचे अतिशय क्षेत्र म्हणून ओळखले जाते. जैन परंपरेत तीर्थांचे दोन ठळक प्रकार सांगितले जातात. जेथे तीर्थंकर किंवा मुनी मोक्षास गेले ते सिद्धक्षेत्र. जेथे मूर्तीचा किंवा स्थानाचा विशेष प्रभाव भाविकांना जाणवला ते अतिशय क्षेत्र. मल्लिनाथ हे चोवीस तीर्थंकरांपैकी एकोणिसावे, आणि कलश हे त्यांचे लांछन म्हणजे ओळखचिन्ह होय. श्वेतांबर परंपरा मल्ली या तीर्थंकर स्त्री होत्या असे मानते. दिगंबर परंपरेला हे मान्य नाही. येथील मूर्ती पूर्वी नांदेडजवळच्या अर्धापूर येथे होती आणि तेथून ती शिरड शहापूरला आणली गेली, अशी धारणा आहे.

बाहेरगावचे यात्रेकरू वंदना करून, धर्मशाळेत मुक्काम करून पुढच्या क्षेत्री निघून जातात. गावच्या माणसाला मंदिराच्या दिवसाची चाल ठाऊक असते. सकाळी अभिषेकाची लगबग, दुपारची सामसूम, सायंकाळची आरती. भाद्रपद शुद्ध पंचमीपासून चतुर्दशीपर्यंत दशलक्षण पर्वात गजबज वाढते. पावसाळ्यात जैन साधू चातुर्मासासाठी एकाच गावी थांबतात. सतत पायी विहार करणाऱ्यांनी चार महिने एका जागी राहावे, हा नियम पावसात वाढणाऱ्या जीवजंतूंची हिंसा टळावी म्हणून केलेला आहे. त्यातून फिरण्याइतकेच स्थिरावण्यालाही मोल मिळाले.

मंदिरात एकट्याने जाणाऱ्याने काही संकेत पाळावेत. चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवाव्यात, पूजेच्या वेळी मध्ये उभे राहू नये, छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे. दुपारच्या वेळी सभामंडपात शांतपणे बसलेल्या माणसाला सहसा कोणी हटकत नाही.

औंढ्याचे देऊळ : पुन्हा पाहण्यासाठी

औंढा नागनाथ हे हिंगोलीपासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी आठवे म्हणून महाराष्ट्रात त्याची मान्यता आहे. गुजरातमधील द्वारकेजवळचे नागेश्वर आणि उत्तराखंडातील जागेश्वर ही क्षेत्रेही हाच मान सांगतात. मूळ देऊळ धर्मराजाने बांधले अशी लोककथा आहे. आजचे देऊळ यादवकालीन हेमाडपंती शैलीचे असून त्याचा काळ सर्वसाधारणपणे तेरावे शतक मानला जातो.

पहिल्या भेटीत भाविकाचे सर्व लक्ष गर्भगृहाकडे असते. लिंग तळघरासारख्या खोल जागेत आहे. अरुंद पायऱ्यांनी वाकून उतरावे लागते, आत उंची कमी आणि जागा थोडी, त्यामुळे एका वेळी मोजकीच माणसे मावतात. रांग मागून ढकलत असते. दर्शन काही क्षणांचे होते आणि माणूस घामाघूम होऊन वर येतो. पुष्कळांची औंढ्याची ओळख येथेच संपते.

ज्याला आज खाली उतरण्याची घाई नाही, त्याच्यासाठी देवळाची बाहेरची बाजू शिल्लक असते. खालचा भाग काळ्या पाषाणाचा, कोनाकोनांनी मोडत गेलेला, हत्तींच्या रांगा आणि देवदेवता, सुरसुंदरींच्या शिल्पांनी भरलेला आहे. वरचा भाग मात्र वेगळ्या बांधणीचा आणि पांढरा आहे. मूळ देवळाची मोडतोड झाल्यानंतर अहिल्याबाई होळकर (१७२५-१७९५) यांनी जीर्णोद्धार केला, असे मानले जाते. काळा दगड कोठे संपतो आणि पांढरे काम कोठे सुरू होते, ती रेघ डोळ्यांनी शोधत देवळाभोवती एक प्रदक्षिणा घातली, तरी या वास्तूने सोसलेला काळ कळतो. हात, चेहरे तुटलेली शिल्पे आणि शेजारीच अभंग राहिलेली शिल्पे, यांतून एका भेटीत एकच भिंत पाहावी. सकाळचे ऊन एका बाजूवर पडते, सायंकाळचे दुसऱ्या. उन्हाची तिरीप असली की कोरीव काम उठून दिसते आणि माथ्यावर सूर्य आला की तेच सपाट भासते. एकाच दिवशी सर्व भिंती सारख्या चांगल्या दिसत नाहीत, हे वारंवार येणाऱ्यालाच समजते.

नंदी नेहमीप्रमाणे देवासमोर नाही, हेही असेच नंतर ध्यानात येणारे वैशिष्ट्य. त्यामागे नामदेवांची प्रसिद्ध आख्यायिका आहे. देवळापुढे कीर्तन करणाऱ्या नामदेवांना पुजाऱ्यांनी मागच्या बाजूस जाण्यास सांगितले, ते मागे जाऊन कीर्तनास उभे राहिले आणि देऊळच फिरून त्यांच्यासमोर आले, अशी ती कथा. गर्दीत कथा ऐकणे वेगळे आणि दुपारी देवळाच्या मागच्या अंगाला सावलीत बसून तिचा विचार करणे वेगळे. ज्याला मागे पाठवले गेले त्याच्याकडे देवाने तोंड वळवले, हा तिचा गाभा जातिभेदाने ग्रासलेल्या समाजात शतकानुशतके का जपला गेला, हे तेथे बसल्यावर उमगू लागते.

न ठरवण्याची तयारी

काही न ठरवता दिवस घालवायचा तरी थोडी पूर्वतयारी लागतेच. पहिली गोष्ट दिवसाची निवड. महाशिवरात्रीची यात्रा, श्रावणातील सोमवार, सलग सुट्ट्या हे दिवस गर्दीचे. तेव्हा एकटेपणाही मिळत नाही आणि निवांतपणाही. आठवड्याच्या मधला, बाजार नसलेला दिवस उत्तम. दुसरी गोष्ट ऋतूची. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. या दिवसांत सकाळी लवकर निघून ऊन चढण्यापूर्वी परतावे किंवा थेट दुपार कलल्यावर जावे. जून ते सप्टेंबर या काळात परिसरातील माळ हिरवे होतात. मात्र देवळाचा दगड निसरडा होतो, याचे भान ठेवावे.

एकाच रस्त्यावरून पुन्हा पुन्हा जाणाऱ्याला ऋतू पिकांवरून ओळखता येतात. वसमत परिसर हळदीसाठी प्रसिद्ध आहे आणि वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. उन्हाळ्याच्या अखेरीस लावलेली हळद पावसाळ्यात रुंद पानांनी शेत झाकून टाकते. हिवाळा सरता सरता काढणी सुरू होते. मग शेतातच हळकुंडे शिजवणे आणि पसरून वाळवणे चालते, त्या आठवड्यांत वाऱ्यालाही हळदीचा वास असतो. सोयाबीन, कापूस, तूर यांचेही आपापले महिने. पहिल्यांदा येणारा प्रवासी या रस्त्याला 'दोन्ही बाजूंनी शेते' एवढेच म्हणेल.

तिसरी गोष्ट म्हणजे मोजके सामान. पाण्याची बाटली, डोक्याला टोपी किंवा रुमाल, शिदोरी आणि परतीच्या गाडीची ढोबळ वेळ. घरी 'सायंकाळपर्यंत येतो' एवढे सांगून निघावे. मोबाइल बंद करण्याचा अट्टहास नको, पण छायाचित्रांची संख्या वाढू लागली की दिवसाला पुन्हा कामाचे रूप येते. दर्शन घ्यायचेच असा नियम नसावा आणि घ्यायचे नाही असाही नसावा. रांग लहान दिसली तर उतरावे; मोठी असेल तर बाहेरूनच नमस्कार करावा. एखाद्या दिवशी औंढ्यापर्यंत जाण्याऐवजी शिरडच्याच मंदिरात बसावे. अधिक फिरण्याची इच्छा झाल्यास याच तालुक्यात पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरण आहे. पाण्यात मात्र एकट्याने उतरू नये.

हा दिवस कोणाच्या वाट्याला येतो ?

एकट्याने, विनाकारण कोठे जाऊन बसणे आपल्या समाजात सर्वांना सारखे सोपे नाही. पुरुष बसला तर फार तर 'रिकामटेकडा' ठरतो. स्त्री एकटी दिसली की 'सोबत कोण आहे ?' हा प्रश्न येतो. देवळाच्या पायरीवर तासभर बसलेल्या बाईच्या घरी काही बिनसले असावे, असा तर्क केला जातो. त्यामुळे ग्रामीण स्त्रीला एकटे बाहेर पडण्यासाठी उपवास, नवस, सोमवार असे निमित्त शोधावे लागते. देवदर्शन ही तिच्यासाठी अनेक पिढ्या घराबाहेरच्या मोकळ्या वेळेची एकमेव मान्य वाट राहिली. तिला त्या वेळात काय हवे असते, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

वयस्कर माणसांची अडचण वेगळी. शेत मुलांच्या हाती गेलेले, घरात वावर कमी, आणि प्रवासाचे भाडे मागायला संकोच. या दोन्ही गटांच्या बाबतीत अलीकडच्या दोन सरकारी निर्णयांचा परिणाम लक्षणीय ठरला. राज्य परिवहन महामंडळाने ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठ नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत केला आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत दिली. या निर्णयांची चर्चा मुख्यतः महामंडळाच्या तोट्याच्या अंगाने होते. पण तालुक्याच्या गावापर्यंत एकटी, स्वतःच्या पैशाने, कोणाची परवानगी न मागता जाऊन येणारी आजी हाही त्याच हिशेबातला जमेचा आकडा आहे.

भाड्याचा प्रश्न सुटला तरी बसण्याचा प्रश्न उरतो. तीर्थक्षेत्रांच्या विकास आराखड्यांत दर्शनरांगा, वाहनतळ, प्रवेशद्वारे यांवर भर असतो. या सोयी वर्षातील गर्दीच्या दिवसांसाठी गरजेच्या आहेतच. मात्र उरलेल्या दिवसांत नेमाने येणाऱ्या स्थानिकाला लागतात त्या गोष्टी अगदी साध्या : झाडाची सावली, स्वच्छ पिण्याचे पाणी, वापरण्याजोगे स्वच्छतागृह, आणि 'पुढे चला' असे कोणी म्हणणार नाही अशी टेकायला जागा. पूर्वी गावोगावचे पार, देवळांच्या ओसऱ्या आणि धर्मशाळा हे काम करीत. भाविकांना एका दाराने आत घेऊन दुसऱ्या दाराने बाहेर काढणारी लोखंडी कठड्यांची व्यवस्था बारमाही झाली, तर देऊळ उघडे राहूनही तेथे थांबता येणार नाही.

शांततेचे मोल

या परिसराच्या शांततेची दखल विज्ञानानेही घेतली आहे. गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा गावाजवळ उभारण्याचे ठरले. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली. या वेधशाळेच्या काटकोनातील दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतात आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी सूक्ष्म असा बदल मोजावा लागतो. जवळून जाणारी आगगाडी, अवजड वाहने, कारखान्यांची यंत्रे यांचे कंपनही त्यात अडथळा ठरते. म्हणून जागा निवडताना रोजच्या खडखडाटापासून दूर असलेली जमीन शोधण्यात आली. हिंगोली जिल्ह्याने भूकंपाचे धक्के अनुभवले आहेत, २०२४ मध्येही ते जाणवले. तरी नेहमीच्या दिवशी येथील जमीन बरीच निश्चल असते.

मागासलेपणाची खूण म्हणून ज्या शांततेकडे पाहिले गेले, ती येथे उपयोगाची ठरली. शिरड शहापूर, औंढा आणि नर्सी येथे नेमाने येणाऱ्यांना मात्र ती यंत्राविनाच परिचयाची आहे. बाहेरच्या पर्यटकांसाठी रस्ते रुंद व्हावेत, राहण्याच्या सोयी वाढाव्यात, यात गैर काही नाही. त्याच वेळी परिसरातील शेतकरी, विद्यार्थी, निवृत्त शिक्षक किंवा एकटी आजी यांना कोणत्याही कामाविना येऊन दोन तास बसता येईल, एवढी मोकळीक या आवारांत टिकली पाहिजे. ती राखण्यासाठी मोठा निधी लागत नाही. काही झाडे जगवावी लागतील, काही बाक टाकावे लागतील, आणि पायरीवर नुसत्या बसलेल्या माणसाला 'काय काम आहे ?' असे विचारणे सोडावे लागेल.